मूळ संख्या तपासणी: पायथन, जावा, सी++ यांच्या वेगाची तुलना कशी धरायची?

प्रश्न
१ कोटीपर्यंतच्या मूळ संख्या मोजणारा प्रोग्रॅम तिन्ही भाषांत आहे. पद्धत एकच: सम संख्या आधीच बाद करायच्या, मग ३ पासून विषम भाजकांनी वर्गमुळापर्यंत भागून पाहायचं. सी++ मध्ये -ओ२ (कोड वेगवान करून घेण्याचा कम्पायलरचा पर्याय) लावलं की वेळ जवळजवळ शून्य दिसतो, ते पटत नाही. शिवाय २१४७४८३६४७ दिली की जावा बराच वेळ घेऊन ‘संयुक्त’ म्हणतं, पायथन मात्र ‘मूळ’. जावात साधा इंट (३२ बिटी पूर्णांक) वापरला आहे.

प्रतिसाद १
मोजलेला आकडा तुम्ही बहुधा कुठे छापतच नाही. उत्तर वापरलं जात नाही असं दिसलं की कम्पायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) अख्खा लूप उडवू शकतो. शेवटी एकूण छापा, ६६४५७९ यायला हवेत. तिन्हीकडे हा आकडा जुळेपर्यंत वेळ बघूच नका. नेमके ४४५ जास्त आले तर अटीत ≤ च्या जागी < पडलंय आणि ९, २५, ४९ असे विषम मूळ संख्यांचे वर्ग आत शिरलेत.

जावात तेच काम एकाच रनमध्ये चार-पाच वेळा करून नंतरच्या वेळा धरा. सुरुवातीला जेआयटी (प्रोग्रॅम चालू असतानाच कोड वेगवान करणारा जावाचा कम्पायलर) तापलेला नसतो.

प्रतिसाद २
जावाचं उत्तर चुकतं ते ओव्हरफ्लोमुळे, म्हणजे संख्या ठरलेल्या बिटांबाहेर गेल्यामुळे. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१, तो ३२ बिटांत मावत नाही आणि ऋण होतो. तुमची संख्या इंटची कमाल मर्यादाच असल्याने ‘वर्ग ≤ संख्या’ ही अट कधीच खोटी ठरत नाही. भाजक वाढत वाढत त्या संख्येवरच पोचतो, बाकी शून्य, म्हणून ‘संयुक्त’. सी++ मध्ये तर अशा ओव्हरफ्लोनंतर काय होईल याची भाषा हमीच देत नाही.

अट ‘भाजक ≤ संख्या ÷ भाजक’ अशी लिहा. एक्स८६ (इंटेल-एएमडी पद्धतीच्या) प्रोसेसरवर भागाकार आणि बाकी एकाच सूचनेतून मिळतात, त्यामुळे सहसा जादा खर्च पडत नाही. सरसकट ६४ बिटांवर मात्र जाऊ नका: आइस लेक या पिढीआधीच्या इंटेल प्रोसेसरवर ६४ बिटी भागाकार फार महाग आहे, मग तुम्ही भाषा नाही, भागाकार मोजत बसाल. पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो म्हणून तिथे हे घडत नाही. त्याची किंमत लूपच्या प्रत्येक फेरीत मोजावी लागते.

प्रश्नकर्ता
आकडा जुळला, आभार. १८-१९ अंकी संख्यांनाही हीच पद्धत चालेल?

प्रतिसाद ३
नाही. २३०५८४३००९२१३६९३९५१ मूळ आहे हे ठरवायला सुमारे ७६ कोटी विषम भाजक लागतील. मिलर-राबिन घ्या, म्हणजे सगळे भाजक न तपासता काही निवडक ‘आधार’ संख्यांचे घात काढून मूळपण तपासणारी चाचणी. २ ते ३७ या १२ मूळ संख्या आधार म्हणून घेतल्या तर ६४ बिटांपर्यंत उत्तर पक्कं असतं, ‘बहुधा मूळ’ नाही. पायथनमध्ये तीन आर्ग्युमेंटांचा पॉव (घाताची बाकी थेट काढणारं फंक्शन) पुरतो. सी++ मध्ये गुणाकार १२८ बिटांत करा, नाहीतर उत्तर गुपचूप चुकेल. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बिनचूक, पुढे बिगइंट (हवा तेवढा मोठा पूर्णांक). इथे पायथनचं मिलर-राबिन सी++ च्या भागून पाहण्याला सहज मागे टाकतं, म्हणून दोन्ही भाषांत पद्धत एकच ठेवा.