विषय: टेक्नॉलॉजी पॉलिसीला स्टेम ओपीटी? (तातडीचं)

मंडळी,
भाच्याचा (गेल्या गणपतीत इथे येऊन ताशा बडवून गेला तोच) अमेरिकेतल्या एमआयटीच्या टेक्नॉलॉजी अँड पॉलिसीचा अर्ज डिसेंबरच्या मध्यापर्यंत जायला हवा. मेकॅनिकल केलंय, पुण्यात गाड्यांच्या एमिशन टेस्टिंगमध्ये आहे. ताई म्हणते, पॉलिसी म्हणजे आर्ट्स, ओपीटी (शिकून झाल्यावर अमेरिकेत नोकरी करायची मुभा) वर्षातच संपणार, मग एवढं कर्ज कशाला? ऐकीव नको, नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा.
स्मिता

> पॉलिसी म्हणजे आर्ट्स
ताईंना सांग, डिग्री मास्टर ऑफ सायन्स आहे, थीसिस लिहावा लागतो. पण डिग्रीच्या नावावर काही ठरत नाही. आय-२० वरचा (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, सरकारच्या स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) यादीत असला, तर १२ महिन्यांवर आणखी २४ मिळतात. त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासणारी सरकारी यंत्रणा) हवी. कोड कोणता लावतात ते विभागाला आत्ताच ईमेल करून विचारायला सांग. कार्नेगी मेलनचा असाच विभाग तर इंजिनिअरिंग कॉलेजातच आहे. आणि कर्जाचं म्हणशील तर एमआयटीत या कोर्सच्या बऱ्याच मुलांना रिसर्च असिस्टंटशिप मिळते.
मिलिंद

केंब्रिजला का नाही पाठवत? नदीपलीकडच्या, एमआयटी आहे त्या नव्हे, इंग्लंडातल्या. तिथे जज बिझनेस स्कूलमध्ये टेक्नॉलॉजी पॉलिसीचं एमफिल आहे, वर्षाच्या आत मोकळा. इथे अमेरिकेत धोरणाच्या नोकऱ्या आहेत कुठे? अमेरिकी काँग्रेसला (इथल्या संसदेला) तंत्रज्ञानावर सल्ला देणारं ऑफिस १९७२ मध्ये काढलं आणि १९९५ मध्ये बंद पाडलं. एएएएस या वैज्ञानिकांच्या संस्थेची सरकारी धोरणातली फेलोशिप फक्त अमेरिकी नागरिकांना.
अविनाशकाका

काका, तिथेही व्हिसाचं गणित आहेच. ग्रॅज्युएट रूटची (शिकून झाल्यावर तिथे राहून काम करायचा व्हिसा) दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच मिळणार. आणि नोकरी म्हणजे वॉशिंग्टनच असं कुठाय? गाड्यांच्या कंपन्यांत नियमांचं काम बघणारी अख्खी खाती असतात.
मिलिंद

सर्वांना नम्र विनंती, शैक्षणिक मार्गदर्शन शैक्षणिक समितीकडून होतं. वेबसाइटवरचा फॉर्म भरावा.
सुलभा (शैक्षणिक समिती)

सुलभाताई, तो फॉर्म पाडव्यापासून उघडत नाहीये.
नितीन

तुमच्याकडे उघडत नसेल. आमच्याकडे उघडतो.
सुलभा

विभागाला ईमेल गेली. आता एसओपी (अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध). पठ्ठ्याने सुरुवात केलीय "लहानपणापासून मला गाड्यांची आवड"!
स्मिता

ते काढायला लाव आधी. निम्म्या अर्जांत तेच असतं. भारताने गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस-५ गाळून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६ आणलं आणि एप्रिल २०२३ पासून गाडी रस्त्यावर पळवून धूर मोजणं सक्तीचं केलं. हा त्या कामाच्या ऐन मध्यात बसलाय! लॅबमध्ये पास झालेल्या गाडीने रस्त्यावर किती जास्त धूर सोडला तरी चालेल, तो आकडा इंजिनिअर ठरवतो की मंत्रालय, आणि त्याचा खर्च शेवटी कुणाच्या खिशातून जातो, यावर दोन परिच्छेद लिहू दे. मला पाठव, रविवारी वाचतो.
मिलिंद

रविवारी हॉलची साफसफाई आहे, मिलिंद. तुझं नाव यादीत आहे.
सुलभा