व्ही-क्रॉस ड्रॅगला न्यायची आहे, ४० हजारांत रिम-टायर काय बसवू?

येळ्ळूरचं_पोर

नमस्कार मंडळी. केए-२२ ची इसुझू व्ही-क्रॉस झेड आहे. १.९ लिटर डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. दुसऱ्या हातानं घेतली. आठवड्यातले चार दिवस हौद्यात कोबी-फ्लॉवर घालून मार्केटला जाते, उरलेले तीन दिवस माझी. या थंडीत पुण्याकडं धावपट्टीवर ड्रॅग भरली तर एकदा नाव घालायचंय. सरळ रेषेत ४०२ मीटर, बस्स. दोन टनांचं धूड, जिंकणार नाही हे मलाही कळतंय. खरं एकदा तरी टायमिंगची चिठ्ठी हातात घ्यायची आहे.

सध्या २५५/६० आर १८ (२५५ मिमी रुंदी, साइडवॉलची उंची तिच्या ६० टक्के, १८ इंची रिम) आहेत, दीड वर्षात बदलावेच लागतील. गावातल्या एका दुकानात २६५/७० आर १७ ऑल-टेरेन आणि काळ्या रिमा मिळून ९० हजार सांगितले. दुसरं म्हणजे टेक्सासमध्ये मावसभाऊ आहे, तो म्हणतो ड्रॅग रेडियल (ड्रॅगसाठीचे मऊ रबराचे टायर) पाठवू काय. तिकडच्या पिकअपना पुढं सायकलीसारखी बारीक चाकं आणि मागं लठ्ठ असतात, तसलं काही आपल्याकडं होतंय काय?

बजेट ४०. जीपीएसवर ० ते १०० आत्ता १२.४ सेकंद.

निपाणीकर_४८

आधी एक सांग, मोजलंस कुठं? हत्तरगीच्या अलीकडं हायवेवर मोजलं असशील तर हा धागा इथंच बंद कर भावा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि पोलिसांचं सोड, रात्री ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं लाईट नसतोय.

बाकी ९० हजारवाल्या काळ्या रिमा दिसायला मात्र एक नंबर.

येळ्ळूरचं_पोर

हायवे नाही ओ. मित्राच्या काकांचा ले-आउट आहे, रस्ते झालेत, एकही घर उठलेलं नाही. दोन्ही तोंडाला पोरं उभी केलती.

उद्यमबाग_लेथ

त्या टेक्सासवाल्या बारीक चाकांचं आधी मिटवून टाकतो. अमेरिकेतल्या त्या गाड्या बहुतेक फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या. लाँच घेताना, म्हणजे जागेवरून सुटताना, वजन मागं जातं, पुढच्या चाकाला नुसतं सरळ राहायचं काम, म्हणून ते बारीक आणि हलकं. मागं १५ इंची रिम आणि जाड मऊ रबर. तुझी फोर बाय फोर आहे. फोर-एच (चारही चाकांना ताकद) टाकल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगानं फिरायला बांधले जातात, मध्ये वेगातला फरक सांभाळणारं डिफरन्शिअल नाही. चारही चाकांचा घेर सारखा नसेल तर ते एकमेकांशी ओढाताण करणार आणि ट्रान्सफर केसचा (ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) भुगा होणार. म्हणजे चारही टायर एकाच मापाचे आणि एकसारखे झिजलेले. एवढं पक्कं धर, मग पुढं बोलू.

आता व्यास बघ. २५५/६० आर १८ चा व्यास साधारण ७६३ मिमी. दुकानदार सांगतोय त्या २६५/७० आर १७ चा ८०३. म्हणजे सव्वापाच टक्के मोठं चाक. चाक मोठं केलंस की गिअर लांब होतात, टू-टू करत उठणारी गाडी आणखी सुस्त. वर ऑल-टेरेनचं वजन. ९० हजार मोजून तू गाडी हळू करणार आहेस.

उलट दिशेनं जा. २४५/७० आर १६ म्हणजे ७४९ मिमी. २३५/७० आर १६ म्हणजे ७३५, तुझ्यापेक्षा साडेतीन टक्क्यांनी लहान. डिफरन्शिअलला हात न लावता गिअरिंग आखूड झालं. फक्त एक लक्षात ठेव, लहान चाकावर स्पीडोमीटर खोटं बोलतो. ७३५ वर खरे १०० असताना काटा जवळपास चार जास्त दाखवेल. गाडी पळायला लागली म्हणून उगाच पेढे वाटू नको, जीपीएसच बघ.

अनगोळची_मेकॅनिकल

वरच्या दादांशी सहमत, त्यात वजनाची भर घालते. आमच्याकडे (घरची पण व्ही-क्रॉसच) १८ चं चाक टायरसकट काट्यावर ठेवलं होतं, साडेअठ्ठावीस किलो भरलं. १६ चं अलॉय आणि हायवे टायर मिळून चोवीसच्या आत-बाहेर. चाकाच्या कडेचा एक किलो पुढंही ढकलावा लागतो आणि फिरवावाही लागतो, म्हणून वेग घेताना तो जवळपास दोन किलोंसारखा वागतो. चार चाकांचा हिशोब तूच कर. हौद्यातून स्टेपनी आणि जॅक काढण्यापेक्षा इथं जास्त फायदा. (ते पण काढच.)

दुसरं, साइडवॉल. २५५/६० ची उंची १५३ मिमी, २३५/७० ची १६४ च्या वर. रिम लहान आणि साइडवॉल उंच असली की क्लच सोडल्याचा धक्का रबर पोटात घेतं, चाक घसरायच्या आधी जमीन धरतं. ड्रॅगवाले १५ इंची रिमवर का अडून बसतात त्याचं हेच कारण. मोठी रिम, पातळ टायर हे शोरूमच्या काचेसमोर उभं करायला बरं.

ड्रॅग रेडियलबद्दल: भावाला त्रास देऊ नकोस. जून २०२० पासून नव्या टायरची आयात आपल्याकडे 'निर्बंधित' यादीत आहे, परवाना लागतो. समजा आले तरी ते रबर मऊ, काही हजार किलोमीटरमध्ये संपणार आणि आपल्या जुलैच्या पावसात चोर्ला घाटात त्यावर गाडी घालायची माझी तरी हिंमत नाही. आणि मुख्य म्हणजे तुला त्यांची गरजच नाही. ३६० न्यूटन मीटर चार चाकांत वाटले की कोरड्या डांबरावर साधा हायवे टायरसुद्धा पुरतो. मोकळ्या हौद्याची पिकअप टू-एच मध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) मागून हलकी असते म्हणून चाकं घसरतात. १२.४ काढलेस ते टू-एच मध्ये की फोर-एच मध्ये?

येळ्ळूरचं_पोर

टू-एच. आणि हौद्यात सहा क्रेट होते, आता लाज वाटतेय सांगायला.

मग १६ इंची रिमा कुठं बघू? एका भंगारवाल्याकडं फॉर्च्युनरच्या चार आहेत, १७ च्या, १२ हजार म्हणतोय. सहा बोल्ट आहेत, बसतील म्हणतोय.

कागल_ते_काकती

बसतील म्हणणाऱ्याचं ऐकून माझी एक स्टेपनी अडीच वर्षं गोठ्यात पडलीय.

तुला सोपा रस्ता सांगतो. सुरुवातीच्या, २०१६-१७ च्या व्ही-क्रॉसला कंपनीकडूनच १६ इंची अलॉय आणि २४५/७० यायचे. घेणाऱ्यातल्या निम्म्या लोकांनी दोन-तीन वर्षांत ते काढून जाड ऑल-टेरेन घातले. ते काढलेले सेट कोल्हापूर, पुणे, गोव्यात लोकांच्या माळ्यावर धूळ खात आहेत. टायरसकट घे. निम्मे झिजलेले असतील तर उत्तम.

निपाणीकर_४८

निम्मे झिजलेले टायर रेसला? डोकं ठिकाणावर आहे काय? उद्या फुटला तर?

अनगोळची_मेकॅनिकल

झिजलेला वेगळा आणि म्हातारा वेगळा.

कोरड्या सरळ रस्त्यावर नवीन टायरची उंच बटणं (रस्त्याला टेकणारे रबराचे ठोकळे) दाबाखाली वाकतात, लाँचला तेवढी शक्ती वाया जाते. नव्याला आठेक मिमी खोली असते, चार राहिली की बटण आखूड, टायर हलका आणि व्यास आठ मिमीनं कमी. २४५/७० चा ७४९ चा ७४१ झाला. तुझ्या ७६३ च्या मानानं जवळपास तीन टक्के आखूड गिअरिंग, त्यातला एक टक्का झिजेमुळं फुकटात. कायद्यानं १.६ मिमी लागते, आपण त्याच्या बरंच वर आहोत.

वय मात्र बघायचंच. साइडवॉलवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. बटणाच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या की परत फिरायचं, कितीही स्वस्त असू दे. मला एका दुकानात "होसदू री, एकदम होसदू" (नवा आहे हो, एकदम नवा) म्हणत टायर पुढं केला होता, चार आकडे वाचले तर तीन वर्षांचा. न वापरलेला होता हे खरं, पण रबर कपाटात ठेवलं म्हणून तरुण राहत नाही.

आणि रिट्रेड केलेले टायर घेऊन या फंदात पडायचंच नाही. ट्रकच्या मागच्या जोडीला ते चालतात, हे त्यांचं काम नव्हे.

उद्यमबाग_लेथ

फॉर्च्युनरच्या रिमांचं मी सांगतो, हे माझ्या धंद्यातलं आहे. सहा बोल्ट आणि १३९.७ मिमीचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) इसुझू, फॉर्च्युनर, जुनी एन्डेव्हर, पजेरो स्पोर्ट सगळ्यांचा एकच. तिथंच लोक फसतात. मधलं भोक वेगळं. फॉर्च्युनरचं १०६.१, फोर्डचं ९३.१, पजेरोचं ६७.१. रिमचं भोक हबपेक्षा (गाडीच्या ज्या गोल बैठकीवर चाक बसतं तिच्यापेक्षा) लहान असलं तर बसणारच नाही. मोठं असलं तर बसेल, खरं सगळा भार बोल्टवर लटकेल आणि ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरेल. मग अ‍ॅल्युमिनियमची हब रिंग लागते. ती उद्यमबागेत कुठलाही लेथवाला दोन तासांत काढून देईल, एवढ्या फाउंड्र्या आणि लेथ उगाच नाहीत इथं. तुझ्या हबचं माप कॅलिपरनं घे, इंटरनेटवरचं माप घेऊन येऊ नको. माझ्याकडं असले तिघं येऊन रडून गेलेत.

मग ऑफसेट बघ, म्हणजे रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसते ते. मग नटची बैठक: शंकूसारखी की सपाट वॉशरची. रिमला एक आणि नटला दुसरी झाली तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि दोनशे किलोमीटरवर ढिला होतो. मधे स्पेसर घालून जुळवायचं नाही. वेल्डिंग मारलेली रिम असली तर रंग खरवडून आतल्या बाजूनं बघ, भंगारवाले वरून पावडर कोट मारून देतात.

एवढं सगळं करण्यापेक्षा जुन्या व्ही-क्रॉसचा सेट मिळाला तर डोळे झाकून तो. ब्रेकला आत घासत नाही ना, हे एक चाक बसवून हातानं फिरवून बघ, मगच पैसे दे.

खानापूरचा_जावई

विषयांतर. आमचे सासरे शर्यतीच्या बैलांचे नादी. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतींना मान्यता दिली त्या दिवशी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. त्यांना हा धागा वाचून दाखवला. म्हणाले, बैलाला पत्र्या मारताना आम्ही आधी पत्रीचं वजन बघतो, आणि शर्यतीच्या जोडीला कोबी वाहायला लावत नाही.

येळ्ळूरचं_पोर

मामांना नमस्कार सांगा. खरं कोबीचे पैसे आले तरच शर्यत हाय.

त्याचंच विचारायचं होतं. १६ च्या चाकांवर माल भरला तर चालेल काय?

अनगोळची_मेकॅनिकल

टायरवरचा लोड इंडेक्स बघ. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो, १०९ म्हणजे १०३०, १११ म्हणजे १०९०. दरवाजाच्या खांबावरच्या पाटीवर जे माप आणि हवा लिहिली आहे त्यापेक्षा कमी इंडेक्सवर माल भरू नकोस. माझं मत, मालाला १८ ची चाकं ठेव, ड्रॅगला १६ ची. तुझ्याकडे हौदा आहे, कारवाल्यांना दुसरा सेट न्यायला वेगळा टेम्पो लागतो. पुण्यापर्यंतच साडेतीनशे किलोमीटर आहे, १८ वर जा, तिथं बदल.

हवेबद्दल: ड्रॅग रेडियलवाले १५-२० पीएसआयवर पळवतात ते वाचून आपल्या टायरची हवा तेवढी उतरवायची नाही, साइडवॉल वेगळी असते. थंड टायरवर मागं चारेक पीएसआय कमी करून बघ, पुढं आहे तशी. परतताना भरायला विसरू नको.

उद्यमबाग_लेथ

आणि फोर-एच फक्त सरळ रेषेत. रेषा पार झाली, वळायच्या आधी टू-एच.

कागल_ते_काकती

नाव घालताना कार्यक्रम एफएमएससीआयच्या (मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना) परवानगीनं आहे ना ते बघ. तपासणीत हेल्मेट, बॅटरीचा क्लॅम्प, चाकांचे नट आणि टायर बघतात. फुगा आलेला टायर असला तर रांगेतूनच बाहेर.

येळ्ळूरचं_पोर (सात आठवड्यांनी)

अपडेट देतो.

म्हापशाच्या एकाकडं २०१७ च्या व्ही-क्रॉसचा चार चाकांचा सेट मिळाला. १९ हजार मागितले, १६ ला दिला. टायरवर २०२२ चे आकडे, बटण साडेचार मिमी, चारही सारखे. एका रिमला कडेला बेंड होता, तो काढायला आणि बॅलन्सिंगला मिळून १८०० गेले. नवीन नट घेतले नाहीत, जुन्यांची बैठक जुळली.

एकेक करून मोजलं, कारण तुम्ही लोक विचारणारच. त्याच ले-आउटमध्ये, सकाळी सातला. आधी १८ च्याच चाकांवर क्रेट काढून, फोर-एच मध्ये: १२.१. मग चाकं बदलून: ११.९. म्हणजे अर्ध्या सेकंदातले तीन दशांश फुकटचे होते. हे दुकानदार कशाला सांगेल म्हणा.

एक चूक झाली. दुसऱ्या रनला फोर-एच काढायला विसरलो आणि टोकाला वळवायला गेलो. गाडी दातओठ खात वळली, आवाज ऐकून पोटात गोळा आला. काही झालं नाही, लेथवाले दादा रागावू नका. क्लचचा वास मात्र दोन दिवस राहिला, आईनं विचारलं काय जळालं.

उरलेल्या २२ हजारांत १८ चे टायर बदलायची सुरुवात करणार.

खानापूरचा_जावई

माझ्याकडं भंगारातल्या फॉर्च्युनरच्या रिमा आल्यात. तूच सांगितलेल्या, १२ हजारवाल्या. आता हसू नका. हब रिंगचं माप कुठून कुठवर घ्यायचं?

उद्यमबाग_लेथ

रिमा आणि हब दोन्ही घेऊन शनिवारी ये. कॅलिपर तुझा आण, माझा एकानं नेलाय तो अजून परत आला नाही.