स्ट्रॅटचा आवाज टोचतोय, वॉर्म टोनसाठी कोणते पिकअप टाकू?

अमळनेरचा_गिटारी

राम राम मंडळी. पिकअप (तारांचं कंपन पकडणारा गिटारवरचा भाग) बदलायचं डोक्यात आहे, पैसे घालण्याआधी जाणकारांना विचारून घेतो.

गिटार स्ट्रॅट टाइपची आहे (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी), बजेटमधली, तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचे पिकअप, आणि पाच पोझिशनचा स्विच. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, म्हणजे हळदी, लग्नं, श्रावणात कानबाईचे (आपल्या खानदेशातल्या देवीचे) कार्यक्रम, आणि मधेमधे अहिराणी गाण्यांचं रेकॉर्डिंग. आमच्या ग्रुपमध्ये आधी जी लीड बेंजोवर वाजायची ती बऱ्याच गाण्यांत आता माझ्याकडे आलीये, त्यामुळे गिटार मागे कॉर्ड धरून उभी राहत नाही, तिला पुढे येऊन गावं लागतं आणि तिथंच अडतंय. ब्रिज पिकअपवर (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या बाजूच्या) गेलो की वरची ई आणि बी तार अशी टोचते की गायक वळून बघतो. नेकवर (मानेजवळच्या पिकअपवर) घेतलं तर आवाज गोड येतो पण ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाले की लाइन पार बुडून जाते. मला जाड, गोल आवाज पाहिजे पण एकेक नोट कळली पाहिजे.

पिकगार्ड उघडून बघितलं, पिकअपच्या खाली काळा पट्टीसारखा मॅग्नेट चिकटवलेला आहे, म्हणजे सिरॅमिकच असणार. मल्टिमीटरवर सहा हजार ओहमच्या आसपास दाखवतो.

तीन गोष्टी डोक्यात आहेत. एक, तिन्ही काढून अल्निकोचा (त्या धातूच्या मॅग्नेटचा) सेट टाकायचा. दोन, फक्त ब्रिजला सिंगल कॉइलच्या साइजचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप, हम म्हणजे गुणगुण मारणारा). तीन, मोठा हंबकर. इकडे दुकानात तारा, पिक, कॅपो एवढं मिळतं, पिकअप हातात घेऊन ऐकायची सोयच नाही, सगळं ऑनलाइन मागवावं लागणार आणि न ऐकता मागवायचं म्हणून जीव खालीवर होतोय. काय करू?

जळगाव_साउंड

भाऊ आधी एक सांग, गिटार कशात लावतोस? गिटार अ‍ॅम्प आहे की थेट मिक्सरमध्ये?

विचारण्याचं कारण, मी साउंडचं काम करतो आणि आपल्या भागात दहातले नऊ गिटारवाले प्रोसेसरची (इफेक्टच्या डब्याची) वायर माझ्या हातात देतात आणि म्हणतात लाव. आता गिटार अ‍ॅम्पचा जो १२ इंची स्पीकर असतो ना तो साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर आवाज देतच नाही, तिथून खाली पडतो. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो तो त्या स्पीकरने कापलेलाच आवाज आहे. मांडवातल्या टॉपमध्ये (मोठ्या स्पीकरमध्ये) हॉर्न असतो, तो १५ हजारापर्यंत सगळं जसंच्या तसं फेकतो, बोटाची घासणी, पिकचा टकटक आवाज, डिस्टॉर्शनचा खरखरीत भाग, सगळं. मग कितीही महागाचा पिकअप टाक, टोचणारच.

प्रोसेसरमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे त्या १२ इंची स्पीकरची नक्कल, असेल तर ते चालू आहे का बघ. बऱ्याच प्रोसेसरमध्ये आउटपुट अ‍ॅम्पला जातंय की मिक्सरला ते सांगायची सेटिंग असते आणि ती अ‍ॅम्पवर राहिली की कॅबिनेट बंद. ते नसेल तर साउंडवाल्याला सांग की माझ्या चॅनलचं हाय खाली घे. लाजू नको सांगायला, आम्हाला कोणी सांगतच नाही.

अमळनेरचा_गिटारी

दादा, थेट मिक्सरमध्येच लावतो. आत्ता प्रोसेसर काढून बघितला, आउटपुट सेटिंग खरंच अ‍ॅम्पवर होती. बदलली, हेडफोनवर ऐकलं, फरक मोठा आहे, क्लीन आवाज एकदम बसला. पण ब्रिजवर लीड घेतली की वरच्या दोन तारांचा टोचरेपणा कमी झाला तरी गेला नाही. आणि टोनची नॉब फिरवून ब्रिजवर काहीच फरक पडत नाही, ती खराब आहे का?

धुळ्याचा_सोल्डरवाला

खराब नाही भो. स्ट्रॅटचं मूळ वायरिंगच तसं आहे, १९५४ पासून. दोन टोन नॉब, एक नेकला, एक मिडलला, ब्रिजला टोनच नाही. सगळ्यात तिखट पिकअप आणि त्यालाच लगाम नाही. हे पिकअप न बदलता सुधारता येतं आणि खर्च म्हणशील तर वायरचा एक तुकडा. स्विचवर मिडल पिकअपची टोनची वायर ज्या पायावर आहे तिथून शेजारच्या ब्रिजच्या रिकाम्या पायावर छोटी वायर टाक. झालं, दुसरी टोन नॉब आता मिडल आणि ब्रिज दोघांना चालेल. ती ६-७ वर ठेवून लीड वाजव आणि मग बोलू.

दुसरं, पिकअपची हाइट. शेवटच्या फ्रेटवर तार दाब आणि तार ते पिकअपचा खांब (तारेखालचा गोल तुकडा) हे अंतर मोज. स्ट्रॅटच्या साध्या सिंगल कॉइलला फेंडर जे माप देतं ते जाड ई तारेला साधारण २ मिलिमीटर आणि बारीक ई तारेला १.६ मिलिमीटर. दुकानातून आलेल्या गिटारीत पिकअप बरेचदा तारेला टेकायला आलेले असतात. बारीक तारेच्या बाजूचा स्क्रू अर्धा अर्धा फेरा खाली घेत जा आणि प्रत्येक वेळी वाजवून बघ. आवाज थोडा लहान होईल, तो व्हॉल्यूमने भरून काढ. मॅग्नेट तारेच्या फार जवळ आला की तो तारेला ओढतो पण, मग वरच्या फ्रेटवर सूर हलल्यासारखा वाटतो आणि माणूस ट्युनिंगला दोष देत बसतो.

आता मुद्द्याचं, पिकअप वॉर्म कशाने होतो. लोक ओहम बघतात आणि तिथंच फसतात. ओहम म्हणजे नुसता तारेचा रेझिस्टन्स, तार बारीक घेतली की वेढे तेवढेच ठेवून पण आकडा वाढतो. फेंडरच्याच टेलीकास्टर गिटारच्या नेक पिकअपला ४३ गेजची बारीक तार असते म्हणून तिथं आकडा जास्त दिसतो, पण त्यावरून तो दणदणीत पिकअप आहे असं होत नाही. बघायचं असतं इंडक्टन्स, हेन्रीमध्ये. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका ठिकाणी आवाजाचा उंचवटा तयार होतो, त्याच्या वरचं सगळं कापलं जातं. स्ट्रॅटचा सिंगल कॉइल साधारण सव्वादोन ते अडीच हेन्री, नेहमीची चार-पाच मीटरची केबल धरली तर उंचवटा ४ हजार हर्ट्झच्या आसपास येतो. जुन्या पद्धतीचा हंबकर साडेचार हेन्रीच्या जवळ, तिथं तोच उंचवटा ३ हजारावर उतरतो. टोचणं आणि गोल वाटणं यातला बराचसा फरक या हजार हर्ट्झमध्ये आहे.

म्हणूनच केबल लांब घेतली की आवाज मऊ होतो, केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरड वगैरे कपॅसिटन्स असते. तेच काम व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या पार्टच्या) आत येणाऱ्या पायावर आणि ग्राउंडवर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून होतं, उंचवटा अडीच हजाराच्या आसपास खाली येतो. कपॅसिटर कुठल्याही रिपेअरिंगवाल्याकडे चिल्लर पैशात मिळेल. आधी ४७० पिकोचा लाव, ऐक, कमी वाटलं तर १ नॅनो. पटलं नाही तर काढून टाक, गिटारीचं काही बिघडत नाही.

सिरॅमिक आहे म्हणून आवाज वाईट असं सरळ गणित पण नाही. तुझ्या पिकअपमध्ये खांब लोखंडाचे असणार आणि मॅग्नेट खाली, लोखंडाच्या खांबाने इंडक्टन्स उलट वाढतो. अल्निकोच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये खांब हेच मॅग्नेट असतात आणि तो अल्निको ५ असेल तर तुला हवा त्यापेक्षा जास्त चमकदार आवाज येऊ शकतो. तीन पिकअपचे पैसे घालून आवाज जास्त तिखट झाला तर काय उपयोग, म्हणून तुझा पहिला पर्याय मी तरी सोडून देईन.

भुसावळ_ब्लूज

सोल्डरवाले भाऊ बोलले ते सगळं खरं, पण मी एक गोष्ट ठासून सांगतो, टोन नॉबने वरचं कापता येतं, मधलं भरता येत नाही. याला लीड गाण्यासारखी पाहिजे, त्यासाठी मिड लागतात, आणि बारीक सिंगल कॉइलमध्ये ते मुळातच कमी. कापून कापून आवाज मंद होतो, जाड होत नाही. ऑर्केस्ट्रात नेकवर लाइन बुडते म्हणतोय ते त्याच कारणाने.

माझं मत दुसऱ्या पर्यायाला. सिंगल कॉइलच्या साइजचा हंबकर, फक्त ब्रिजला. लाकूड कोरायचं नाही, पिकगार्ड बदलायचा नाही, नेक आणि मिडल जसे आहेत तसे, क्लीनला तेच गोड लागतात. सेमूर डंकनचा लिटल ५९ याच कामासाठी आहे, डिमार्झिओकडे पण या साइजचे कितीतरी आहेत. फक्त एक सांभाळ, या साइजमध्ये हॉट रेल्ससारखे जोरदार पिकअप पण आहेत, ते डिस्टॉर्शनसाठी भारी पण तुझ्यासारख्या क्लीन ते हलक्या ओव्हरड्राइव्हवर वाजवणाऱ्याला फार दाबलेले वाटतील, नोट सुटी होत नाही. जाहिरातीत हाय आउटपुट दिसलं की पुढे सरक.

मोठा हंबकर हवा असेल तर आधी पिकगार्डखाली बघ, पुष्कळ स्वस्त गिटारींत बॉडी आधीच मोठ्या हंबकरला पुरेल एवढी कोरलेली असते, मग फक्त पिकगार्ड बदलायचा. पिकगार्ड घेताना स्क्रूची भोकं ८ की ११ ते मोजून घे. आणि निवडायचं झालं तर १९५५ ला सेथ लव्हरने गिब्सनमध्ये जो हंबकर बनवला त्या जुन्या धाटणीचा घे, साधारण साडेसात-आठ हजार ओहमचा, अल्निको २ मॅग्नेटचा. अल्निको २ हा ५ पेक्षा कमी ताकदीचा, त्याने पिकचा पहिला फटका मऊ होतो आणि वरच्या तारा गोल लागतात. नंबरावर मात्र जाऊ नको, ३ नंबर २ पेक्षा पण कमकुवत असतो.

मी स्वतः पी-९० (गिब्सनचा जाड सिंगल कॉइल) वाला माणूस आहे, १९४६ पासूनचं डिझाइन आहे आणि असा भरलेला मिड मला दुसऱ्या कशात सापडला नाही, पण पी-९० म्हणजे सिंगल कॉइलच, हम करतो. मांडवातल्या लाइटच्या डिमरशेजारी उभं राहून वाजवणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. हंबकरने तो त्रास आपोआप जातो, याचा विचार टोनइतकाच कर.

जळगाव_साउंड

डिमरचं बरोबर बोलले. जनरेटरवर कार्यक्रम असला की सिंगल कॉइलवाल्याचा चॅनल दोन गाण्यांच्या मधे मला बंदच ठेवावा लागतो.

धुळ्याचा_सोल्डरवाला

भुसावळकरांचं मिडचं म्हणणं मान्य. ऑर्डर करायचीच असेल तर फक्त ब्रिजची कर. पण माझा आग्रह एवढाच की वायर, हाइट आणि कपॅसिटर हे आधी करून एक कार्यक्रम वाजव, म्हणजे पिकअपकडून नेमकं काय कमी पडतंय ते तुलाच कळेल आणि मग ऑनलाइन सॅम्पल ऐकताना कान कुठे लावायचा ते समजेल.

अमळनेरचा_गिटारी

वायर टाकली, हाइट खाली घेतली, बारीक तारेकडून जास्त. दादांनो, कालच्या हळदीला गायक वळला नाही. टोन ६ वर ठेवली होती. ४७० पिकोचा कपॅसिटर लावला, १ नॅनोचा पण लावून बघितला, तो मला जास्त झाला. तरी भुसावळकर दादा म्हणतात तो मधला भरीवपणा नाही हे आता नीट कळतंय, आवाज मऊ झाला पण छाती नाही. म्हणून ब्रिजला छोटा हंबकर मागवतोय. दोन शंका आहेत. त्याला चार रंगाच्या वायरी असतात म्हणे, त्या कशा जोडायच्या? आणि पॉट २५० के आहेत, ते ५०० के करावे लागतील का? जळगावच्या गोलाणी मार्केटला मोबाइलवाल्याकडून सोल्डर करून घेऊ का?

धुळ्याचा_सोल्डरवाला

पॉट राहू दे. हंबकरला ५०० के लावतात ते त्याचा वरचा आवाज मोकळा राहावा म्हणून, तुला तर वरचं कमीच पाहिजे, आणि नेक-मिडलला २५० च बरोबर आहे. हंबकर बसला की ४७० पिकोचा कपॅसिटर मात्र काढून टाक, नाहीतर आवाज पार दबून अंधार होईल.

वायरींचे रंग कंपनीनुसार बदलतात, एकाचा चार्ट दुसऱ्याला लावू नको. डंकनमध्ये काळी हॉट, ती स्विचला. लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावून बाजूला. हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी ग्राउंडला.

जोडून झालं की ब्रिज आणि मिडल एकत्र लागतात ती पोझिशन वाजव. आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा आणि बेस गायब असेल तर दोन पिकअप उलट फेजमध्ये आहेत. घाबरू नको, नवीन पिकअपची हॉट आणि हिरवी यांची अदलाबदल कर, उघडी तार ग्राउंडलाच राहू दे.

मोबाइलवाल्याचा हात साफ असतो पण त्याची टोकदार बारीक इस्त्री पॉटच्या पाठीला पुरत नाही, पॉटचा पत्रा उष्णता पिऊन टाकतो आणि कोल्ड जॉइंट, म्हणजे कच्चा जोड, होतो. अ‍ॅम्प-मिक्सर रिपेअर करणाऱ्याकडे जा, ४० वॉटची आणि चपट्या टोकाची इस्त्री, ६०-४० सोल्डर. पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घास, झटपट काम कर, फार वेळ धरलं तर पॉट आतून जातो. तारा सैल करून पिकगार्ड उचलायच्या आधी जुन्या वायरिंगचा फोटो काढ.

आणि हम कमी करायचा म्हणून कोणी सांगितलं तरी अ‍ॅम्पच्या किंवा प्रोसेसरच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडू नको. गिटारीच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, तुझी बोटं तारेवर आणि ओठ माइकला, मांडवातलं वायरिंग कसं असतं ते तुला माहीतच आहे.

भुसावळ_ब्लूज

पिकअप आला की नवीन असतानाच हाइट परत लाव, छोटा हंबकर सिंगल कॉइलपेक्षा जोरात असतो, नेकवरून ब्रिजवर गेल्यावर आवाज उडी मारायला नको. मे महिन्यात गिटार बंद गाडीत ठेवून जाऊ नको, पिकअपच्या आत कॉइल मेणात बसवलेली असते आणि इकडच्या उन्हात गाडी आतून किती तापते ते वेगळं सांगायला नको. बसवल्यावर क्लिप टाक, एकाच कानबाईच्या गाण्याची लीड, आधीची आणि नंतरची.

अमळनेरचा_गिटारी

नक्की टाकतो दादा. ऑर्डर केली, लिटल ५९, ब्रिजचा. मिक्सर रिपेअरवाल्याशी पण बोलून ठेवलंय, पिकअप आला की त्याच्याकडेच बसून करून घेतो.