मदत हवी आहे: पालिका शाळेच्या खर्चासाठी बजेटमध्ये सूचना द्यायची आहे, कुठे आणि कशी?

घणसोलीची_पालक
अर्थसंकल्प तोंडावर आलाय. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहासाठी तरतूद हवी आहे. मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर भरतोच ना आपण, मग त्यातून का होत नाही? शिक्षण मंडळाचं ऑफिस कुठे आहे, अर्ज कोणाच्या नावे करायचा? प्लीज लवकर सांगा.

लेखाशीर्ष
ताई, शाळा पालिकेची की खाजगी अनुदानित? पट किती? दुरुस्ती हवी की नवीन बांधकाम? आणि बिलातली कुठली ओळ म्हणताय? तिथे दोन असतात. ‘शिक्षण कर’ पालिकेचा. ‘राज्य शिक्षण उपकर’ १९६२ च्या कायद्याचा. तो पालिका फक्त गोळा करते आणि शासनाकडे भरते. त्याचा दर पालिकेच्या सभागृहाला बदलता येत नाही.
शिक्षण मंडळ शोधू नका, ती मंडळं बंद झाली. आता पालिकेचा शिक्षण विभाग.

वाशी_जुनी
सरळ माहिती अधिकार टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. तीन वर्षांची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च मागा. बाकी सगळं व्यर्थ आहे.

घणसोलीची_पालक
शाळा पालिकेचीच. पट ४२०. नवीन नको, आहे तेच दुरुस्त करायचंय.

लेखाशीर्ष
@वाशी_जुनी, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. तोवर बजेट होऊन जाईल.
ताई, दुरुस्ती असेल तर शिक्षण विभागाला अर्ज देऊन बहुतेक वेळा भागत नाही. इमारतीचं काम अभियांत्रिकी विभाग करतो, पैसेही त्यांच्याच लेखाशीर्षात, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या खात्यात, असतात. चुकीच्या विभागात गेलेला अर्ज ‘तरतूद नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. दोघांनाही द्या आणि पोच घ्या.

वाशी_जुनी
आणि तरतूद असूनही खर्च झाला नसेल तर? बजेटच्या पुस्तकात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असे वेगळे रकाने असतात. मूळमध्ये आकडा आणि प्रत्यक्षात शून्य दिसलं, तर नवी तरतूद मागून काय मिळणार? म्हणून आधी माहिती.

लेखाशीर्ष
मग त्याला माहिती अधिकार कशाला? पुस्तक पालिकेच्या वेबसाइटवर असतं.

कोपरी_पूर्व
शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही.

शाव्यस_सदस्य
प्रवेशाचं कोणी विचारलेलं नाही. ताई, तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत आहात का? नसाल तर अध्यक्षांना गाठा, ते पालकच असतात. समितीत ७५ टक्के पालक लागतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचंच काम, शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२. एकट्या पालकाचा अर्ज बाजूला पडतो, समितीचा ठराव जावक क्रमांकासह गेला की नोंद होते. पण तो डिसेंबरपर्यंत जायला हवा, तेव्हा विभागांच्या मागण्या गोळा होत असतात. दरवर्षी इथेच चूक होते, लोक फेब्रुवारीत जागे होतात.
पटाप्रमाणे ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदानही असतं. २५० च्या वर आणि १००० पर्यंत ७५,००० रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर, म्हणजे ७,५००. नळ, कड्या, फ्लशची टाकी एवढं त्यात बसेल. ड्रेनेज लाइन बदलायची तर नाही.

ठाणे_वर्तकनगर
पुण्यात २००६ पासून नागरिक प्रभागातली कामं थेट सुचवतात. आपल्याकडेही तसा फॉर्म हवा.

लेखाशीर्ष
हवा, शंभर टक्के. पण आत्ता काय करायचं? ताई, कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचं कलम ९९. दराविषयी काही म्हणायचं असेल तर त्याआधी द्या. खर्चाला मात्र अजून वाव आहे. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीकडे जातं, मग सर्वसाधारण सभेकडे. तिथे नगरसेवक उपसूचना, म्हणजे अंदाजपत्रकात बदल, मांडू शकतो. निवडून आलेले नगरसेवक नव्हते त्या प्रशासकाच्या काळात ही वाटच नव्हती. सभा बसून ऐकता येते, आपल्याला बोलता येत नाही. म्हणून कागद आधीच नगरसेवकाच्या हातात हवा: शाळा क्रमांक, काम, रक्कम, लेखाशीर्ष.

घणसोलीची_पालक
रक्कम मी कुठून आणू?

शाव्यस_सदस्य
तुम्ही अंदाजे लिहू नका. मुख्याध्यापकांच्या पत्रावर कनिष्ठ अभियंता मोजणी करून शासकीय दरसूचीप्रमाणे काढून देतो. पत्रात ‘स्वच्छतागृह दुरुस्ती’ एवढंच लिहिलं तर तो पुन्हा विचारणार. किती सीट बंद आहेत, किती दारांना कडी नाही, पाणी टाकीपासून येत नाही की नळातून, हे मोजून लिहा. आणि फोटो जोडा, तारखेसकट.

वाशी_जुनी
आणि त्या पत्राची प्रत स्वतःकडे ठेवा. नंतर माहिती अधिकारात लागेलच.