दुरंगी पानं आणि ४ नो-ट्रम्प: कळीची पानं पाच की सहा?

(ब्रिजमधला वाद; बोलणाऱ्या तिघांची टोपणनावं पत्त्यांवरून आहेत.)

किलवर एक्का: पार्टनरने दुरंगी पानं, म्हणजे दोन रंगांत पाच-पाच, दाखवली, की ४ नो-ट्रम्पवर (‘कळीची पानं किती?’ असं विचारणारी बोली) कळीची पानं सहाच धरावीत: चार एक्के आणि त्या दोन्ही रंगांचे राजे. हा डाव बघा.

ओपनर (पहिली बोली लावणारा): इस्पिक राजा-राणी-गुलाम-८-४, बदाम राजा-राणी-८-६-३, चौकट ९-४, किलवर ७.
विचारणारा (ओपनरचा पार्टनर): इस्पिक एक्का-७-३, बदाम एक्का-९-७-४, चौकट एक्का-६, किलवर एक्का-८-५-२.

बोली: १ इस्पिक, २ किलवर, २ बदाम, २ इस्पिक, ३ बदाम, ४ नो-ट्रम्प. पाचांच्या हिशेबात (चार एक्के आणि हुकमाचा राजा) इस्पिकचा राजा कळतो, पुढे विचारल्यावर राणी आणि फार तर बदामचा राजा. बदामची राणी अंधारातच. आमच्या सहांच्या हिशेबात उत्तर ६ किलवर, म्हणजे दोन राजे आणि दोन्ही राण्या. मग ७ बदाम, म्हणजे तेराही हात, बिनधास्त बोला. पाच इस्पिक, पाच बदाम, दोन एक्के, आणि इस्पिकवर डमीतली (विचारणाऱ्याच्या उघड्या पानांतली) चौकट छक्की टाकून एक चौकट तिथल्या हुकमाने मारायची. ७ इस्पिकमध्ये हा तेरावा हात असा सहज मिळत नाही.

बदाम सत्ती: डाव छानच, पण विचारणाऱ्याकडे बदामचं एकच पान असतं तर? त्याने बोलीत फक्त इस्पिक उचललेत. समजा बदाम आणि किलवर, दोन्ही एक्के त्याच्याकडे नाहीत आणि उत्तर आलं ‘दोन’, म्हणजे दोन कळीची पानं. एक इस्पिकचा राजा धरला, तर दुसरं पान बदामचा एक्का असेल तर स्लॅम (निदान बारा हात) आहे; राजा असेल तर दोन एक्के बाहेर. तुमच्या हिशेबात दोघांची किंमत सारखीच! बोलीत दोन्ही रंगांना साथ दिली असेल तरच सहा, नाहीतर पाच.

किलवर एक्का: एकच बदाम असेल तर त्याने ४ नो-ट्रम्प विचारूच नये, क्यू बिडने (एखाद्या रंगातला एक्का किंवा राजा दाखवणाऱ्या बोलीने) जावं. साथ दोन्ही रंगांना आहे की नाही हे विचारणाऱ्यालाच माहीत असतं, उत्तर देणाऱ्याला नाही. म्हणून नियम उत्तर देणाऱ्याच्या बाजूने हवा.

बदाम सत्ती: आणि एकाच रंगाला साथ, हे तर कितीतरी जास्त वेळा होतं. तेवढ्या सगळ्या पानांवर ब्लॅकवुड (हीच ४ नो-ट्रम्पची विचारणा) सोडायचं? माझी तयारी नाही.

इस्पिक दश्शी: सहा-पाच पानं असली की जवळजवळ निम्म्या वेळा एखादा रंग रिकामा असतो. किलवर नाहीच, तर पार्टनरचा किलवर एक्का मोजून उपयोग काय? त्यासाठी ५ किलवरची उडी, ‘हा रंग सोडून एक्के सांग’ म्हणणारी, आधी पक्की करा. पाच-सहाचा वाद त्यानंतर.