यात्रेत वॉकीटॉकीचा सामाईक चॅनल कसा वापरावा?

मंडळी, मदत हवी आहे. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला आमची पोरं नंदीध्वजांच्या (उंच मानाच्या काठ्यांच्या) मिरवणुकीच्या मार्गावर स्वयंसेवक म्हणून असतात. गर्दीत मोबाईल लागत नाही, म्हणून ४४६ मेगाहर्ट्झचे, परवाना न लागणारे कमी ताकदीचे वॉकीटॉकी घेतोय. प्रथमोपचारवाले, रुग्णवाहिकेजवळचे, हरवलेली मुलं शोधणारे, सगळे एकाच चॅनलवर ठेवावेत का? दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती खरखर, त्यात "चहा आला का रे?" विचारणारे असतातच! माझ्या मते पथकांना वेगळे चॅनल द्यावेत, सामाईक फक्त आणीबाणीला. पण त्यावर कान कोण ठेवणार? यात्रेच्या होम मैदानावर एकच नियंत्रक पुरेल? पोलीस, अग्निशामक दलाच्या फ्रिक्वेन्सीवर आपल्याला बोलता येत नाही, तेव्हा त्यांचाच माणूस नियंत्रकाशेजारी बसवायला सांगावं का? कुणी असं केलंय का?