‘ऑल मेन’ : सर्व माणसे की सर्व पुरुष?

प्रश्न : अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं ‘ऑल मेन आर क्रिएटेड ईक्वल’ हे वाक्य मराठीत ‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ असं देतात. पण मत तर पुरुषांनाच होतं ना? मग ‘सर्व पुरुष’ का नको?

– ‘माणसे’च ठेवा. जाहीरनामा म्हणजे मतदारयादी नव्हे. आणि ‘पुरुष’ तरी कुठे बसतो? मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते, त्यात पुरुषही होतेच.

– पण ‘माणसे’ वाचून बायकाही मोजल्या असं वाटतं, ते खोटं. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲबिगेल ॲडम्सनं नवऱ्याला, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सना, लिहिलं होतं, नवे कायदे करताना बायकांना विसरू नका. जॉनसाहेबांनी ते हसण्यावारी नेलं.

– मला विचाराल तर जपायचा शब्द न्यू जर्सीचा आहे : ‘रहिवासी’. तिथल्या १७७६च्या राज्यघटनेत मतदार म्हणजे सज्ञान, ५० पौंडांची मालमत्ता असलेला आणि वर्षभर त्या काउंटीत राहिलेला रहिवासी. बाई की पुरुष, गोरा की काळा, याचा उल्लेखच नाही. त्यामुळे विधवा, अविवाहित बायका आणि स्वतंत्र काळे लोक मत देऊ लागले. लग्न झालेली बाई मात्र बाहेर, कारण तिची मालमत्ता कायद्यानं नवऱ्याची. १७९०च्या निवडणूक कायद्यात तर सात काउंट्यांपुरतं ‘तो किंवा ती’ असं स्पष्ट आलं, १७९७मध्ये ते राज्यभर लागू झालं. मग १८०७! निवडणुकीतल्या गैरप्रकारांचं निमित्त झालं आणि मत फक्त ‘स्वतंत्र, गोऱ्या, पुरुष नागरिकांना’ उरलं. त्याच कायद्यानं कर भरणाऱ्या गरीब गोऱ्याची ५० पौंडांची अडचण मात्र सोडवली. एका हातानं दार उघडलं, दुसऱ्यानं लावलं. म्हणून १७७६चा ‘रहिवासी’ आणि १८०७चा ‘नागरिक’, दोन्हीकडे ‘नागरिक’च लिहिणाऱ्या अनुवादकावर माझा राग आहे. सगळी गोम तिथेच पुसली जाते.

– मान्य. आणि ‘फ्रीहोल्डर’, म्हणजे स्वतःच्या जमिनीमुळे मत मिळणारा? ‘जमीनदार’ चालेल?

– छे! जमीनदार म्हटलं की वाडा आणि कुळं डोळ्यांपुढे येतात. त्या काळी व्हर्जिनियात घरासह २५ एकर जमीन असली तरी मत मिळे. ‘जमीनमालक’ पुरे.